आखाजीला खुळखुळतं, कानबाईला अडकतं: फाशांच्या लाकडी पेटीचं झाकण

"मामा, फासे आतच आहेत. झाकण निघत नाहीये. आम्ही चिठ्ठ्या टाकून खेळतोय."

ऑगस्टमधल्या एका रविवारी, खानदेशातल्या कानबाईच्या श्रावणी सणाला, दुपारी भाचीचा हा मेसेज आला, सोबत फोटो. जळगावला तिच्या घरी सतरंजीवर पाच जण बसलेले. मध्ये स्टीलच्या वाटीत १ ते २० आकडे लिहिलेल्या कागदाच्या घड्या. शेजारी मी फेब्रुवारीत करून दिलेली सागवानी पेटी, झाकण असं गच्च की मी ते चिकटवूनच दिलं होतं की काय असं वाटावं. त्याच आठवड्यात धुळ्याहून दुसरी पेटी परत आली, तक्रार तीच. तिसरी माझ्याच कपाटात होती. ती उघडायला गेलो तर अंगठ्याचं नख उलटलं.

मग मी तेच केलं जे कोणीही करेल. रंधा काढला आणि ओट्यावर बसून झाकणांच्या कडा तासायला घेतल्या. आमच्या अमळनेरच्या गल्लीत एक मिस्त्री आबा आहेत, आता काम सोडलंय, पण रंध्याचा आवाज आला की थांबतात. थांबले आणि म्हणाले, "भाऊ, कसाले घासी ऱ्हायना? पावसाया जाऊ दे, मंग दख." मी हसलो आणि तासत राहिलो. तिन्ही झाकणं सुरेख सरकायला लागली, पेट्या ज्याच्या त्याला पोचत्या केल्या.

पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भाची घरी आली. झोका, सांजोऱ्या, आमरस सगळं झाल्यावर गच्चीवर खेळायला म्हणून तिने पेटी उचलली आणि जरा तिरकी धरली. झाकण आपोआप घसरलं, सातही फासे जिन्यावरून टणाटण खाली. चार बाजूंचा फासा अजून सापडलेला नाही. कोणाच्या तरी पायाला सापडेल.

हा लेख त्या दोन तारखांमधल्या फरकाबद्दल आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, फासे टाकत गोष्ट रचायच्या खेळांसाठी लाकडी पेट्या करणारे आपल्याकडे आता बरेच आहेत आणि जवळपास प्रत्येकजण पहिल्या पावसाळ्यात इथेच अडतो. सरकत्या झाकणाच्या पेटीबद्दल मुख्यतः लिहितोय, कारण रडगाणं तिचंच जास्त असतं.

आधी नक्की कुठे अडतंय ते बघा

झाकण अडकण्याची तीन वेगवेगळी कारणं असतात आणि तिन्हींचा उपाय वेगळा. म्हणून रंध्याला हात लावण्याआधी खडू घ्या. झाकण कसंबसं निघालं की त्याच्या दोन्ही कडांना आणि वरच्या-खालच्या काठांना खडू फासा, परत खाचेत घाला, दोनदा मागेपुढे करा आणि बाहेर काढा. जिथला खडू पुसला गेला, तिथे घासतंय.

खडू दोन्ही बाजूंच्या उभ्या कडांवर पूर्ण लांबीभर पुसला गेला असेल तर झाकण रुंदीला फुगलंय. चार कोपऱ्यांजवळ वरच्या बाजूला, किंवा मधोमध, पुसला गेला असेल तर झाकणाने वाक घेतलाय, रुंदीचा दोष नाही. फक्त तोंडाजवळच्या इंचभरात पुसला असेल तर बहुतेक वेळा जोडातून बाहेर आलेला फेविकॉल खाचेत वाळून बसलेला असतो, किंवा पॉलिशचा थेंब. तो पटाशीच्या टोकाने खरवडा, काम संपलं. हे तिसरं कारण किरकोळ आहे, पण मी स्वतः एकदा वाळलेल्या फेविकॉलच्या गाठीपायी अख्खं झाकण तासलं होतं, म्हणून सांगतोय.

आमच्याकडे दहातल्या सात-आठ पेट्यांचं दुखणं पहिलं असतं.

लाकूड किती हलतं: मी मोजलेलं

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, हे सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे की ते सगळीकडून सारखं हलत नाही. झाड ज्या दिशेला उंच वाढलं त्या दिशेला, म्हणजे फळीच्या लांबीला, ते जवळजवळ हलतच नाही. रुंदीला हलतं. त्यातही फळी ओंडक्यातून कशी कापलीय यावर ठरतं. फळीच्या टोकाला बघा. वाढीची वलयं टोकावर आडवी, कमानीसारखी दिसत असतील तर ती फळी रुंदीला जास्त फुगणार. वलयं उभी, काटकोनात दिसत असतील तर निम्म्याहून कमी. सागवानाचे पुस्तकी आकडेच घ्या: ओल्या लाकडापासून पूर्ण वाळेपर्यंत वलयांच्या दिशेने साधारण ५.८ टक्के आक्रसतं, काटकोनात साधारण २.५ टक्के. आणि सागवान हे शहाण्या लाकडांपैकी आहे. पॅकिंगच्या खोक्याचं पाईन यापेक्षा जास्त हलतं.

आता आपली हवा बघा. मे महिन्यात खानदेशात पारा ४५ च्या पुढे जातो, दुपारच्या हवेत ओल अशी नसतेच. दुसरा पापड घालेपर्यंत पहिला वाळतो. अशा हवेत लाकडातली ओल ४-५ टक्क्यांपर्यंत उतरू शकते. श्रावणात झड लागली, आठ दिवस ऊन नाही, हवेतली आर्द्रता ८० च्या आसपास, की तेच लाकूड सावकाश १५ टक्क्यांकडे जायला लागतं. पॉलिश केलेली पेटी कपाटात ठेवली तर दोन्ही टोकं गाठत नाही, पण निम्मं अंतर नक्की कापते.

मिस्त्री आबांचं बोलणं डोक्यात बसल्यावर मी एक साधी गोष्ट केली. नवीन केलेल्या एका झाकणाच्या पोटाला पेन्सिलीने तारीख आणि रुंदी लिहायला सुरुवात केली. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी, व्हर्नियरने, मधोमध एकाच जागी. फेब्रुवारीत झाकण ११०.० मिलिमीटर. मे संपताना १०९.४. ऑगस्टच्या शेवटी ११०.८. म्हणजे आखाजी ते पोळा एवढ्यात १.४ मिलिमीटर. लांबी स्टीलच्या पट्टीने मोजली, २१० ची २१०. नोव्हेंबरमध्ये रुंदी परत ११०.२ वर आलेली होती, कोणी तासली नव्हती.

आणि मी खाच किती मोकळी ठेवायचो? अर्धा मिलिमीटर. दोन्ही बाजू मिळून. ते मी व्हिडिओ बघून शिकलो होतो. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत आला, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो काढला, आणि पेट्या करायचे बरेचसे व्हिडिओही तिकडचेच. ज्या घरात हिवाळा-उन्हाळा यंत्राने हवा सांभाळली जाते तिथे अर्धा मिलिमीटर पुरत असेल. अमळनेरात पुरत नाही.

आत्ता अडकलेली पेटी कशी उघडायची

ठोकू नका. झाकणाच्या टोकाला लाकडाचा ठोकळा लावून हातोडी मारली की झाकण निघत नाही, खाचेचा वरचा ओठ तुटतो, आणि तो जोडणं हे नवीन पेटी करण्याहून कटकटीचं. खोबरेल तेल किंवा शिलाई मशीनचं तेल सोडू नका. खाचेत धूळ चिकटून वर्षभरात राप बसतो. साबण तर मुळीच नको. कपाटाच्या खणांना आई साबण लावायची हे खरं, पण साबण हवेतली ओल ओढून घेतो आणि आपलं भांडणच ओलीशी आहे.

पेटी कोरडी होऊ द्यायची, सावकाश. घट्ट झाकणाचा मोठा स्टीलचा डबा घ्या, धान्याचा चालेल. तळाशी सिलिका जेलच्या मूठ-दोन मूठ पुड्या टाका. नवीन बुटांच्या खोक्यातल्या, औषधांच्या डब्यांतल्या साठवून ठेवलेल्या चालतील, पण त्या आधी तव्यावर मंद आचेवर गरम करून कोरड्या करून घ्या. पुडी प्लास्टिकची असेल तर दाणे बाहेर काढून. पेटी आत ठेवा, झाकण लावा आणि चार दिवस विसरून जा. माझी पेटी तिसऱ्या दिवशी अंगठ्याने सरकली. घाई म्हणून कडक उन्हात किंवा ओव्हनमध्ये ठेवली तर बाहेरचा थर आधी सुकतो, आतला ओलाच राहतो आणि फळी तडकते. तडकलेली फळी पुन्हा जुळत नाही.

उघडली की खाचेत आणि झाकणाच्या कडांवर साधी पांढरी मेणबत्ती घासा. एवढंच. रंधा ठेवून द्या. झाकण कोरडं झाल्यावरही खडूच्या परीक्षेत अडत असेल तरच तासायचं, आणि तेही पाव मिलिमीटरच्या हिशेबात.

पुढची पेटी करताना

पहिली गोष्ट, पेटी कोणत्या महिन्यात करताय त्यावर मोकळीक ठरवा. शंभर-एकशेदहा मिलिमीटर रुंदीच्या सागवानी झाकणाला मी आता मेमध्ये दोन्ही बाजू मिळून २ मिलिमीटर सोडतो. दिसायला भयंकर दिसतं, पण पावसाळ्यात ते भरतं. ऑगस्टमध्ये केली तर अर्धाच मिलिमीटर, कारण तेव्हा झाकण आधीच फुगलेलं असतं, पुढे फक्त आक्रसणार. दिवाळी ते होळीच्या दरम्यान एक-सव्वा. आणि खाच किमान ५ मिलिमीटर खोल हवी, म्हणजे उन्हाळ्यात झाकण आक्रसलं तरी ओठातून सुटून पडणार नाही. बाजूच्या फळ्या १२ मिलिमीटर जाडीच्या घेतल्या तर एवढी खोली सहज निघते. भाचीच्या पहिल्या पेटीत माझी खाच ३ मिलिमीटरची होती, त्यात मी पावसाळ्यात कडा तासल्या. आखाजीला ते झाकण सुटलं नसतं तरच नवल.

वखारीतून आणलेलं लाकूड त्याच दिवशी कापायला घेऊ नका. फळ्या ढोबळ मापाला कापा, मध्ये काड्या घालून हवेशीर रचा, आणि जिथे पेटी राहणार तशाच खोलीत दोन-तीन आठवडे ठेवा. वखारवाला "एकदम वाळेल माल" म्हणतो, आणि तो खोटंही बोलत नसतो. पण पत्र्याच्या शेडखालची वाळ आणि घरातली वाळ वेगळी.

दुसरी गोष्ट, लहान पेटी असेल तर झाकणाच्या रेषा आडव्या घ्या. म्हणजे लाकडाच्या रेषा एका खाचेकडून दुसऱ्या खाचेकडे जातील अशा. मग झाकणाची रुंदी ही लाकडाची लांबी झाली, ती हलत नाही. फुगणं सगळं सरकायच्या दिशेला जातं आणि तिकडे तोंड उघडंच आहे. एका खेळाडूच्या सात फाशांच्या पेटीला हा उत्तम उपाय. मात्र लांब झाकणाला हे करू नका. अर्धं बाहेर ओढलेलं असताना कोणी त्यावर कोपर टेकवलं की आडव्या रेषेत बिस्किटासारखा तुकडा पडतो. माझी मर्यादा १२० मिलिमीटर लांबी.

तिसरी गोष्ट चौकट. मोठ्या पेटीला, ज्यात फासे, पेन्सिली, मिनी (पात्रांच्या छोट्या मूर्ती) सगळं मावतं, झाकण एकसंध फळीचं करूच नका. चार बारीक पट्ट्यांची चौकट करायची आणि मधली फळी तिच्या आतल्या खाचेत मोकळी बसवायची. दाराच्या पॅनेलला मिस्त्री पूर्वापार हेच करत आलेत. मधली फळी आत फुगते, आक्रसते, बाहेरच्या मापाला धक्का नाही. चौकटीच्या उभ्या पट्ट्या वीस-वीस मिलिमीटर रुंद असतील तर बाहेरचं माप वर्षभरात अर्ध्या मिलिमीटरच्या आत राहतं. एकच जपायचं: मधल्या फळीला खाचेत कुठेही फेविकॉल नको. फक्त पुढच्या आणि मागच्या काठाच्या बरोबर मध्यावर एक-एक थेंब, म्हणजे ती इकडे-तिकडे सरकणार नाही आणि दोन्हीकडे सारखी फुगेल.

हे मध्यावरचं तत्त्व लोहचुंबकांनाही लागू आहे. झाकण बंद राहावं म्हणून सहा मिलिमीटरचे छोटे चुंबक बरेच जण कोपऱ्यांत बसवतात. पावसाळ्यात ते समोरासमोर येत नाहीत आणि झाकण अर्धवट राहतं. मध्यरेषेवर एकच बसवा. मध्य हलत नाही. चुंबक बसवायला एपॉक्सी वापरा. झटपट चिकटवणारा गोंद कडक होतो, दहा-वीस वेळा टक्क-टक्क झालं की चुंबक उखडून दुसऱ्या चुंबकाला जाऊन चिकटतो. खेळाडू मग ते जादूचं काहीतरी समजतात.

कूलरचा घोळ

हे मला सगळ्यात उशिरा कळलं. माझ्याच घरातल्या एका पेटीचं झाकण भर मेमध्ये वाकलं. खडूची खूण चार कोपऱ्यांवर. हवा तर कोरडी ठणठणीत. मग एका रात्री खोलीत झोपलो असताना लक्षात आलं, पेटी ज्या स्टुलावर होती तो स्टूल बरोबर कूलरच्या झोतासमोर. वाळ्याच्या ताट्यांतून आलेली ओली हवा रात्रभर झाकणाच्या एका अंगाला, आणि दिवसा कूलर बंद की कोरडी. एक बाजू फुगली, दुसरी नाही, फळी वाटीसारखी झाली. पेटी कपाटात हलवली, झाकण उलटं करून ठेवलं, आठवड्यात बरंचसं सरळ झालं.

यातच दुसरी चूकही उघडी पडली. मी पॉलिश फक्त वरच्या बाजूला करत होतो. आतून कोण बघतंय! पण ओल आतूनच शिरते. वर जेवढे हात, तेवढेच खाली, कडांना आणि विशेषतः टोकांना, जिथे लाकडाच्या नळ्या उघड्या असतात. पॉलिशने ओल थांबत नाही, फक्त हळू येते. पण दोन्ही बाजूंनी सारख्या वेगाने आली की फळी वाकत नाही.

सागवानाला स्वतःचं तेल असतं. त्यामुळे जोड चिकटवण्याआधी कडा थिनरच्या फडक्याने पुसून लगेच फेविकॉल लावा, नाहीतर जोड वरून धरलेला दिसतो आणि आतून सुटतो. पॉलिशही कधी कधी दिवसच्या दिवस चिकट राहतं. आधी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे दोन पातळ हात द्या, त्यावर हवं ते. काही जण अळशीचं तेल देतात, सुंदर दिसतं, पण त्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती स्वतःहून तापतात आणि पेट घेऊ शकतात, आणि आपल्या उन्हाळ्यात तर मुळीच खेळ नको. मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

सजावट का फाटते

कागदावर छापलेला नकाशा फेविकॉलने अखंड फळीवर चिकटवला तर कागद आणि लाकूड एकत्र नांदत नाहीत. पहिल्या उन्हाळ्यात सुरकुत्या, दुसऱ्यात चीर. कागद लावायचाच असेल तर मधलं पॅनेल चार मिलिमीटर प्लायचं घ्या. प्लायमध्ये एकाआड एक थरांच्या रेषा आडव्या-उभ्या असल्याने ते रुंदीला फारसं हलत नाही. अस्सल लाकूड नाही म्हणून नाक मुरडणारे मुरडू देत.

जाळून कोरलेलं चित्र कधीच फाटत नाही, कारण ते लाकडातच असतं. फक्त सागवान गडद, त्यावर बारीक रेघ उठून दिसत नाही. वखारीत कधी शिवणीचं लाकूड मिळालं तर सोडू नका: फिकट, मऊ, आणि हलायला आळशी. रंगवायचं असेल तर अॅक्रिलिक. ते लाकडाबरोबर थोडंफार ताणलं जातं. ऑईल पेंट कडक, जोडावर केसासारखी रेघ पडतेच.

आतलं मखमल ही वेगळीच डोकेदुखी. पेटीच्या तळाला फेविकॉलचं पाणी पाजून मखमल चिकटवलं की तळ वाकतो आणि वर मखमलाला फोड येतात. मी आता मखमल जाड पुठ्ठ्यावर चिकटवतो, पुठ्ठा सगळीकडून एक मिलिमीटर लहान कापतो आणि नुसता आत ठेवतो. मळलं तर काढून झटकताही येतं.

फाशांसाठी गोल खळगे करणाऱ्यांना एकच सांगणं. सात फासे म्हणजे मध्ये एक आणि भोवती सहा, असं मधमाशीच्या पोळ्यासारखं बसतं. वीस बाजूंचा फासा साधारण २०-२२ मिलिमीटरचा, म्हणून २५ चा खळगा, आणि दोन मध्यांत २९ मिलिमीटर अंतर. दोन खळग्यांमध्ये ४ मिलिमीटरची भिंत राहते. ती ३ च्या खाली गेली की रेषेच्या दिशेला कधीतरी फुटते, धातूचे फासे असतील तर लवकरच.

तापीचं झाकण

भाचीच्या गटाची सध्याची गोष्ट फारूकी सुलतानांच्या काळातल्या खानदेशात घडते. थाळनेरला सुरुवात, बुऱ्हाणपूरला राजधानी, आणि शेवटी असीरगडाचा वेढा, जो अकबराने १६०१ मध्ये संपवला. तिने त्यात चेटकिणी, सातपुड्यातला बोलणारा वाघ वगैरे घातलेत, त्याला माझी हरकत नाही. तिची फर्माईश होती की झाकणावर तापी हवी, पूर्वेकडे बुऱ्हाणपूर, पश्चिमेकडे थाळनेर. मी दोन फळ्या जोडून झाकण केलं, मधोमध निळ्या रंगाची नदी रंगवली. मेमध्ये जोड उघडला. चीर नेमकी नदीतून गेली. निळा रंग दोन काठांवर, मध्ये फट, आणि फटीतून आतले फासे दिसतायत.

पहिल्यांदा मी लाकडाचा भुसा आणि फेविकॉल भरून ती बुजवली. पावसाळ्यात दोन्ही फळ्या फुगल्या, भरलेल्या भुशाला जागा उरली नाही, नदीच्या जागी टेंगूळ आलं. फट भरणं हा इलाज नव्हे हे तेव्हा कळलं. सुकलेल्या दिवसांत भरलेली कोणतीही फट पावसाळ्यात अशीच बदला घेते.

तेच झाकण मी यंदा उघडून नव्याने बांधलं. चौकट केली. दोन्ही फळ्या बाहेरच्या काठाला चौकटीत चिकटवल्या आणि मध्ये मुद्दाम फट सोडली. मार्चचे दिवस होते, दीड मिलिमीटर ठेवली. दोन्ही फळ्यांचे आतले काठ अर्ध्या जाडीने कापून एकावर एक येतील असे केले, म्हणजे फटीतून आतलं काही दिसत नाही, दिसते ती खालच्या फळीची पट्टी. ती निळी रंगवली. वरच्या फळ्यांवर काठाची गावं जाळून कोरली. नदी रंगवली नाहीच. नदी म्हणजे ती फट.

मेअखेरीस व्हर्नियर लावला, तापी २.१ मिलिमीटर रुंद. काल, कानबाईचे रोट झाल्यावर, भाचीने तिकडून फोटो पाठवला. झाकण दोन बोटांनी सरकतंय आणि नदी इतकी अरुंद झालीय की पोस्टकार्डही आत शिरणार नाही. खाली तिने लिहिलं होतं, "मामा, खरी तापी पावसात फुगते. तुझी उन्हाळ्यात. खेळाडूंना मी काय सांगू?"

मी म्हटलं, हतनूर धरणाचे दरवाजे उघडलेत म्हणून सांग.